आरआर लायरी: आकसणारा, फुगणारा आणि आडवा धावणारा तारा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्वरमंडळ तारकासमूहातला आरआर लायरी हा तारा दर साडेतेरा तासांनी उजळतो आणि पुन्हा मंदावतो. शिवाय सूर्याच्या तुलनेत तो सेकंदाला सुमारे पावणेतीनशे किलोमीटर वेगाने चालला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असे आकाशनिरीक्षणाच्या रात्री कोणीतरी विचारतेच. पुढे थोडे गणित येईल, पण गुणाकार आणि वर्गमूळ यांच्यापलीकडे त्यात काही नाही.

तारा नेमका कुठे आहे? साध्या डोळ्यांनी दिसतो का?

साध्या डोळ्यांनी नाही. त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) साधारण ७.१ ते ८.१ या दरम्यान बदलते, म्हणजे अगदी अंधाऱ्या आकाशातही तो नजरेच्या टप्प्याच्या किंचित पलीकडे राहतो. शहराबाहेर १० बाय ५० ची दुर्बीण मात्र पुरते. अभिजितपासून हंसाच्या पंखातल्या डेल्टा सिग्नीकडे रेषा काढा. त्या रेषेवर दोन-तृतीयांशाहून थोडे पुढे गेलात की तुम्ही त्याच्या परिसरात असता. मग ताऱ्यांचा नकाशा लागतोच, कारण त्या भागात सात-आठ प्रतीचे तारे पुष्कळ आहेत.

त्याचा प्रकाश कमी-जास्त का होतो? समोरून दुसरा तारा जातो का?

नाही, ताराच फुगतो आणि आकसतो. मध्यभागी हेलियम जाळणारा हा म्हातारा तारा आहे. त्याचे वय हजार कोटी वर्षांहून जास्त असून वस्तुमान सूर्याच्या जवळपास दोन-तृतीयांश आहे. पृष्ठभागाखालच्या एका थरात हेलियम अर्धवट आयनीभूत अवस्थेत असतो, म्हणजे त्याच्या अणूंतले काही इलेक्ट्रॉन सुटलेले असतात. तारा आकसला की हा थर दाबला जातो आणि आणखी अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता तिथे अडते, दाब वाढतो आणि थर बाहेर ढकलला जातो. फुगल्यावर तो पुन्हा पारदर्शक होतो, अडलेली ऊर्जा निसटते आणि तारा खाली बसतो. उकळत्या पातेल्यावरचे झाकण उचलते आणि पडते, तसाच हा प्रकार.

एक फेरी ०.५६६८ दिवसांची, म्हणजे १३ तास ३६ मिनिटांची. प्रकाश चढतो झपाट्याने, दोन-अडीच तासांत, आणि उतरतो मात्र रेंगाळत.

याचा शोध कोणी लावला?

हार्वर्ड वेधशाळेतल्या विल्यमिना फ्लेमिंग यांनी, छायाचित्रांच्या काचांवरून. ही नोंद १९०१ ची. त्याआधीच, १८९० च्या दशकात, सोलॉन बेली यांना गोलाकार तारकागुच्छांमध्ये असे तारे ढिगाने सापडत होते. म्हणून बरीच वर्षे या ताऱ्यांना 'गुच्छातले रूपविकारी', म्हणजे तेज बदलणारे तारे, म्हणत. आरआर लायरी मात्र कोणत्याही गुच्छात नाही. तो एकटा आहे, जवळ आहे आणि तेजस्वी आहे, त्यामुळे पुढे सगळ्या वर्गाला त्याचेच नाव पडले.

हे तारे फुगतात-आकसतात, जोडीच्या ताऱ्यामुळे मंदावत नाहीत, असे हार्लो शॅपली यांनी १९१४ मध्ये मांडले. चारच वर्षांनी त्यांनी तारकागुच्छांची अंतरे काढली आणि सूर्य आकाशगंगेच्या मध्याशी नाही हे दाखवले. त्या कामात याच जातीच्या ताऱ्यांचा मोठा आधार होता.

'वेगवान तारा' म्हणतात. तो वेग मोजतात कसा?

दोन तुकड्यांत. एक तुकडा आकाशात आडवा सरकण्याचा, त्याला निजगती म्हणतात. दुसरा आपल्या दृष्टिरेषेवरचा, म्हणजे तारा जवळ येतो की दूर जातो याचा.

निजगती वर्षाला ०.२२४ विकला आहे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). ऐकायला हे काहीच वाटत नाही. चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे सरकायला त्याला आठ हजारांहून जास्त वर्षे लागतील. पण हा नुसता कोन झाला. कोनाचे किलोमीटर करायचे तर अंतर हवे, आणि सगळी मेख तिथेच आहे.

सूत्र सोपे आहे: निजगती (विकला प्रतिवर्ष) गुणिले अंतर (पार्सेक) गुणिले ४.७४, की आडवा वेग किलोमीटर प्रतिसेकंदात मिळतो. अंतर २५१ पार्सेक, म्हणजे सुमारे ८२० प्रकाशवर्षे घेतले तर ४.७४ × ०.२२४ × २५१ = २६६. दृष्टिरेषेवरचा वेग ७२, आपल्या दिशेने. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की २७६ किलोमीटर प्रतिसेकंद.

याच सूत्रात अंतर दहा टक्क्यांनी चुकले तर आडवा वेगही दहा टक्क्यांनी चुकतो, म्हणजे सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा घोळ. निजगती आज अतिशय अचूक मोजता येते, दृष्टिरेषेवरचा वेगही बऱ्यापैकी. कक्षेच्या गणितात सगळ्यात कच्चा दुवा असतो तो अंतराचा. त्यामुळे कोणाचेही कक्षेचे आकडे समोर आले की मी आधी त्यांनी अंतर कुठून घेतले ते पाहतो.

मग अंतर कसे काढतात?

जवळच्या ताऱ्यासाठी पराशय. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किती डुलतो ते मोजायचे. हबल दुर्बिणीने आरआर लायरीचा पराशय दोनदा काढला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा ३.७७ सहस्रांश विकला होता. युरोपच्या गाया यानाच्या २०२२ च्या तिसऱ्या माहितीसंचात तो ३.९८५ आहे, म्हणजे तारा थोडा अलीकडे आला. हबलच्या आकड्याने अंतर २६५ पार्सेक निघते आणि गायाच्या आकड्याने २५१.

दूरच्या ताऱ्यांचा पराशय इतका बारीक असतो की तो मोजमापाच्या त्रुटीत बुडून जातो. अशा वेळी स्पंदन कामाला येते. या जातीच्या सगळ्या ताऱ्यांची सरासरी तेजस्विता जवळजवळ सारखी, सूर्याच्या पन्नास पटींच्या आसपास असते. अवरक्त प्रकाशात तर आवर्तकाळावरून ती आणखी नेमकी सांगता येते. खरी तेजस्विता कळली आणि दिसणारी प्रत मोजली की अंतर निघते. मधल्या धुळीचा आणि ताऱ्यातल्या जड मूलद्रव्यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो. आरआर लायरीत लोहाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याएवढे आहे.

प्रकाशाची ही धडधड नसती तर आकाशगंगेच्या दूरच्या भागातले हजारो म्हातारे तारे आपल्यासाठी नुसते ठिपके राहिले असते. गायाच्या तिसऱ्या माहितीसंचात या जातीचे सुमारे २ लाख ७० हजार तारे आहेत.

गायाने याच ताऱ्याचा पराशय ऋण दाखवला होता म्हणे! ते खरे का?

खरे आहे. २०१८ च्या दुसऱ्या माहितीसंचात आरआर लायरीचा पराशय उणे २.६१ सहस्रांश विकला छापला गेला. ऋण पराशय ही गोष्ट मुळात विचित्र नाही. फार दूरच्या ताऱ्यांत मोजमापाच्या त्रुटीमुळे शून्याच्या खालचे आकडे येतातच. पण इथे तारा अगदी शेजारचा, आणि दिलेली त्रुटी फक्त ०.६१. म्हणजे आकडा सरळच चुकला होता, आणि तोही ज्याच्या नावाने सगळी जात ओळखली जाते त्या ताऱ्याचा!

कारण नंतर कळले. ताऱ्याची सरासरी प्रत त्या संचात १७.०४ अशी पडली होती, खऱ्यापेक्षा जवळपास दहा प्रतींनी मंद. गायाच्या उपकरणाच्या दुरुस्त्या ताऱ्याच्या तेजस्वितेवर अवलंबून असतात. प्रत चुकली, म्हणून चुकीची दुरुस्ती लागली आणि पराशय बिघडला. तिसऱ्या संचात हे निस्तरले गेले. मात्र जुन्या संचावरून कक्षा काढणाऱ्या एखाद्या संगणक-आज्ञावलीत तो आकडा अजून शिल्लक असू शकतो, तेव्हा माहिती उतरवून घेताना कोणता संच ते बघून घ्या.

दृष्टिरेषेवरचा वेग तर वर्णपटावरून लगेच मिळतो ना?

शांत ताऱ्याचा मिळतो. इथे ताऱ्याचा पृष्ठभागच वर-खाली होतो आहे. फुगताना समोरची बाजू आपल्याकडे येते, आकसताना दूर जाते, आणि वर्णपटातल्या रेषा हे दोन्ही वेग एकत्रच दाखवतात. एका फेरीत हा आकडा साठ-सत्तर किलोमीटर प्रतिसेकंद इतका हलतो. मनाला येईल तेव्हा एकच वर्णपट घेतलात तर ताऱ्याचा वेग तीस-चाळीस किलोमीटरने चुकीचा येऊ शकतो.

उपाय दोन. पूर्ण फेरीभर वर्णपट घ्यायचे, वेगाचा आलेख काढायचा आणि सरासरी घ्यायची. उणे ७२ (उणे म्हणजे आपल्या दिशेने) हा आकडा तशा सरासरीचा आहे. ते शक्य नसेल तर प्रकाशाच्या आलेखावरून तारा स्पंदनाच्या कोणत्या टप्प्यावर होता ते शोधायचे आणि या जातीच्या नमुन्याच्या वेग-आलेखावरून दुरुस्ती करायची. दूरच्या, मंद ताऱ्यांसाठी दुसराच मार्ग उरतो, कारण मोठ्या दुर्बिणीवर एका ताऱ्यासाठी अख्खी रात्र कोणी देत नाही.

हायड्रोजनच्या आणि धातूंच्या रेषा वेगवेगळ्या खोलीवरून येतात, त्यामुळे दोन्हींचे वेगही वेगळे निघतात. ताऱ्याच्या वातावरणात आघाततरंग उठतात तेव्हा तर रेषा चक्क दुभंगतात. उच्चतम प्रकाशाच्या आसपासचे वर्णपट शक्यतो टाळावेत, असे अनुभवी लोक सांगतात ते यासाठी.

हा तारा इतका वेगाने का धावतो? कोणी ढकलला का?

'वेगवान' हे विशेषण आपल्या बाजूने लावलेले आहे. सूर्य स्वतः आकाशगंगेच्या मध्याभोवती सेकंदाला सुमारे २४८ किलोमीटर वेगाने फिरतो, साधारण हंस तारकासमूहाच्या दिशेने. आसपासचे बहुतेक तारे आपल्यासोबत तसेच फिरतात, म्हणून ते जवळजवळ स्थिर वाटतात. सोबत न फिरणारा तारा आला की तो सुसाट भासतो.

आरआर लायरीच्या २७६ मध्ये सूर्याची गती दिशेसकट मिळवली तर चित्र पालटते. आकाशगंगेच्या मध्याच्या दृष्टीने त्याचा वेग २७० किलोमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास निघतो, सूर्यापेक्षा जेमतेम जास्त. फरक दिशेचा आहे. सूर्याचा जवळजवळ सगळा वेग गोल फिरण्यात जातो. या ताऱ्याच्या वेगातले फक्त शंभर-एकशेदहा किलोमीटर गोल फिरण्याचे आहेत. बाकीचे सुमारे २५० किलोमीटर सरळ आत, धनु राशीकडच्या मध्याकडे.

आणखी एक गंमत. तारा सेकंदाला ७२ किलोमीटर वेगाने आपल्याकडे 'येतो' असे वर म्हटले. स्वरमंडळ आणि हंस शेजारी शेजारी आहेत, म्हणजे तारा बराचसा आपल्या वाटेवर पुढे आहे. त्या रेषेवर तो खरे तर आपल्यापासून पुढेच पळतो आहे, सेकंदाला दीडशेहून जास्त किलोमीटरने. आपण त्याहून वेगात असल्यामुळे मागून त्याला गाठतो आहोत.

त्याची कक्षा दिसते कशी?

लांबुळकी. प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार तारा मध्यापासून ६,८०० प्रकाशवर्षांपर्यंत आत जातो आणि सुमारे ६०,००० प्रकाशवर्षांपर्यंत बाहेर. सूर्य मध्यापासून २६,७०० प्रकाशवर्षांवर जवळपास गोल फेऱ्या मारतो, त्याच्याशी ताडून पाहा. ही कक्षा ग्रहाच्या कक्षेसारखी बंद लंबवर्तुळाकार नाही. प्रत्येक फेरीत ती थोडी वळते, आणि पुष्कळ फेऱ्यांनंतर कागदावर पाकळ्यांची रांगोळी उमटते.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवते ती तिची सपाटी. इतक्या जुन्या, जड मूलद्रव्ये कमी असलेल्या ताऱ्याने आकाशगंगेच्या चकतीच्या खूप वर-खाली जावे अशी अपेक्षा असते. हा मात्र चकतीपासून सातशे प्रकाशवर्षांपलीकडे जातच नाही. त्याचा चकतीला लंब असलेला वेग सेकंदाला दहा किलोमीटरही भरत नाही. राहणी प्रभामंडलातल्या, म्हणजे चकतीभोवती दूरवर पसरलेल्या विरळ गोलातल्या, ताऱ्याची आणि वाट चकतीतली! रसायन आणि गती यांतल्या एकावरूनच ताऱ्याचे कूळ ठरवणाऱ्यांनी हा तारा समोर ठेवावा.

कक्षा घरी संगणकावर काढता येते का?

येते. सहा आकडे लागतात: आकाशातल्या जागेचे दोन, अंतर, निजगतीचे दोन आणि दृष्टिरेषेवरचा वेग. शिवाय सूर्याचे मध्यापासूनचे अंतर आणि सूर्याची गती. शेवटी आकाशगंगेचे वस्तुमान कुठे किती आहे याचे प्रतिरूप हवे: मधला फुगवटा, चकती आणि अदृश्य द्रव्याचे प्रभामंडल. पायथनमधली गॅलपाय किंवा गाला ही मोफत साधने असली प्रतिरूपे तयारच देतात. साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत आलेख समोर येतो.

एकच कक्षा काढून थांबू नका. सहाही आकडे त्यांच्या त्रुटीच्या मर्यादेत हजार वेळा हलवा, हजार कक्षा काढा आणि आतले-बाहेरचे टोक किती पसरते ते पाहा. मग प्रतिरूप बदलून पुन्हा तेच करा. आरआर लायरीच्या बाबतीत मोजमापांतली त्रुटी आता इतकी कमी आहे की प्रतिरूप बदलल्याने पडणारा फरक तिला मागे टाकतो.

कक्षा मागे मागे नेली तर ताऱ्याचे जन्मस्थान सापडेल का?

विद्यार्थ्यांचा हा आवडता प्रश्न. उत्तर नाही. एक-दोन फेऱ्या मागे जाणे ठीक. हजार कोटी वर्षांपूर्वी आकाशगंगाच आजच्यासारखी नव्हती. लहान दीर्घिका तिच्यात मिसळत होत्या, वस्तुमान वाढत होते. आजचे प्रतिरूप त्या काळाला लावणे गैर. शिवाय आकाशगंगेच्या मध्यात ताऱ्यांचा एक लांबट, फिरता दांडा आहे. आरआर लायरी आतल्या टोकाला जातो तेव्हा थेट त्या दांड्याच्या प्रदेशात शिरतो. प्रत्येक भेटीत दांडा त्याची ऊर्जा थोडी कमी-जास्त करतो. सुरुवातीचा बारीकसा फरक काही फेऱ्यांत मोठा होतो, आणि दांडा न धरलेल्या प्रतिरूपातली सुबक रांगोळी तिथे फसवी ठरते.

तो आकाशगंगेतून निसटून जाईल का?

नाही. सूर्याच्या परिसरात मुक्तिवेग सेकंदाला पाचशेहून जास्त किलोमीटर आहे. हा तारा त्याच्या जवळपास निम्म्यावर. याच जातीतला मॅको १७६.१८८३३.४११ हा तारा मात्र ४८० किलोमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास धावतो. तो आकाशगंगेच्या फुगवट्याच्या दिशेला सापडला, आणि २०१५ मध्ये त्याची कक्षा काढल्यावर तो तिथला रहिवासी नसून प्रभामंडलातून आत आलेला पाहुणा असल्याचे दिसले. नुसत्या जागेवरून त्याला फुगवट्यात मोजले असते तर फसगत झाली असती.

आपल्या जवळ येऊन काही धोका?

काही नाही. याच सरळ रेषेत चालत राहिला तर साधारण २ लाख ३० हजार वर्षांनी सर्वांत जवळ येईल, आणि तेव्हाही ७९० प्रकाशवर्षांवर असेल.

ब्लाझको परिणाम म्हणजे काय? त्याने कक्षेच्या गणितात घोळ होतो का?

मॉस्कोच्या सर्गेई ब्लाझको यांना १९०७ मध्ये आरडब्ल्यू ड्रॅकोनिस या ताऱ्याच्या स्पंदनाची लय हळूहळू बदलताना दिसली. आरआर लायरीत तसाच बदल सुमारे चाळीस दिवसांच्या चक्रात होतो. उच्चतम प्रकाश कधी जास्त उंच, कधी ठेंगणा. कधी थोडा लवकर, कधी उशिरा. कारणाबद्दल शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. केप्लर यान २००९ पासून ज्या आकाशपट्टीकडे टक लावून होते, तिच्यात हा तारा योगायोगाने होता. त्यामुळे एकाआड एक येणाऱ्या उच्चतम बिंदूंची उंची कमी-जास्त होते, ही नवी गोष्ट २०१० मध्ये पुढे आली.

कक्षेपुरता परिणाम लहान आहे. दृष्टिरेषेवरचा वेग वेगवेगळ्या चक्रांतल्या वर्णपटांवरून काढला तर टप्पा किंचित चुकतो, इतकेच.

महाराष्ट्रातून तो कधी आणि कसा पाहावा?

स्वरमंडळ पावसाळ्यात डोक्यावर असते, म्हणजे तेव्हा उपयोग शून्य. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र संध्याकाळी सातच्या सुमारास तो पुण्याहून उत्तरेला ६६ अंश उंचीवर असतो. नोव्हेंबरपर्यंत वायव्येला चांगला सापडतो.

एका रात्रीत पूर्ण फेरी दिसत नाही, तेव्हा हिशेब मांडा. सात फेऱ्या म्हणजे चार दिवसांना ४६ मिनिटे कमी. आज रात्री नऊला उच्चतम दिसला तर चौथ्या रात्री तो सव्वाआठच्या सुमारास दिसेल. तीस फेऱ्या जवळजवळ बरोबर सतरा दिवसांच्या. शेजारच्या दोन स्थिर ताऱ्यांशी तुलना करून दर पंधरा मिनिटांनी प्रत लिहा, वेळेसकट. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत किंवा मुंबईच्या खगोल मंडळात याचा सराव असलेली माणसे भेटतील. नोंदी अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे, आव्सोकडे पाठवता येतात. तिथे आपल्याकडची परंपरा जुनी आहे. बंगालमधल्या जशोरचे राधागोविंद चंद्र खजिन्यातली नोकरी सांभाळून तिला हजारो नोंदी पाठवत होते.

एका रात्रीत पूर्ण फेरी दिसेल असा वेगवान तारा आहे का?

आहे: जटायू तारकासमूहातला एसएक्स फिनिसिस. जात वेगळी, पण तोही आकसणारा-फुगणारा आणि जड मूलद्रव्ये कमी असलेला. एक फेरी फक्त ७९ मिनिटांची, प्रत ६.८ ते ७.५. ओलिन एगन यांनी १९५२ मध्ये त्याची नोंद केली. अंतर २७० प्रकाशवर्षे, निजगती वर्षाला ०.८९ विकला, वरच्या सूत्रात घालून पाहा, आडवा वेग साडेतीनशेच्या घरात येतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेसातच्या सुमारास तो पुण्याहून दक्षिणेला ३० अंशांवर असतो. दक्षिण क्षितिजाकडे गावाचे दिवे नसलेली जागा निवडा आणि नोंदी पाच-पाच मिनिटांनी घ्या. पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतल्यात तर उच्चतम क्षण हातातून निसटेल.